प्रश्न तुमचे: आकाशातला अनोळखी उजेड आणि त्याची नोंद

पावसाळा सरून आकाश मोकळं झालं आणि रब्बीचं पाणी भरायला माणसं रात्री शेतात जाऊ लागली, की आमच्याकडे ‘आकाशात काहीतरी दिसलं’ अशी पत्रं वाढतात. यंदा त्यातली बरीच खान्देशातली आहेत. एकमेकांशी जुळणारे प्रश्न एकत्र घेतले आहेत. गावं दिली आहेत, नावं मुद्दाम गाळली आहेत.

रात्री आठच्या आत-बाहेर एक ठळक दिवा आवाज न करता डोक्याजवळून गेला. विमान नक्कीच नव्हतं. याची नोंद कुठे करायची आणि काय लिहायचं? (एरंडोल)

आधी काय लिहायचं ते पाहू. नोंद कच्ची असेल तर ती कुठेही पाठवली तरी उपयोग होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. ‘आठच्या सुमारास’ चालत नाही, मिनिट हवं. मोबाइलचं घड्याळ नेटवर्कवरून जुळतं, त्यामुळे तेच वापरा, भिंतीवरचं नको. दिवा दिसताच मोबाइलचा स्क्रीनशॉट घ्या किंवा कुणाला तरी एक अक्षर मेसेज करा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. परदेशी अर्जात वेळ जागतिक प्रमाणवेळेत मागितली तर भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. संध्याकाळचे ७.४२ म्हणजे तिथले १४.१२. पहाटे साडेपाचच्या आधीची घटना असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते, आणि हे बहुतेक जण विसरतात.

त्यानंतर जागा. नुसतं गावाचं नाव पुरत नाही. नकाशाच्या ॲपवर आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश मिळतात, ते उतरवून घ्या.

मग वाट. दिवा कुठे उगवला, सर्वांत उंच कुठे होता आणि कुठे दिसेनासा झाला, या तीन ठिकाणांची दिशा आणि उंची लिहा. शेवट कसा झाला तेही लिहा. क्षितिजाआड गेला, ढगात शिरला, झटक्यात विझला की मंद होत गेला? ओळख पटवायला या एका तपशिलाची फार मदत होते.

किती वेळ दिसला, हे सांगताना जवळजवळ प्रत्येक जण चुकतो, आणि सहसा जास्तच सांगतो. यावर सोपा उपाय आहे. त्याच जागी उभं राहा, दिव्याची वाट बोटाने पुन्हा हवेत काढा आणि दुसऱ्या कुणाला तरी स्टॉपवॉच लावायला सांगा.

आकार लिहिताना ‘बसएवढा’, ‘ताटाएवढा’ असं लिहू नका. अंतर माहीत नसताना आकार सांगता येत नाही. चंद्राशी तुलना चालते, कारण पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंश जागा व्यापतो. शिवाय रंग, लुकलुक, आवाज, ढग, चंद्र होता की नाही आणि पाहणारे किती, हेही लिहा. नमुना असा (तारीख आणि अक्षांश-रेखांश इथे गाळले आहेत; ‘मूठ’ म्हणजे हात ताणून धरलेली बंद मूठ, साधारण १० अंश, ती पुढच्या उत्तरात पाहा):

‘७.४२ ते ७.४६. एरंडोलबाहेरचं शेत. सुरुवात वायव्येला, क्षितिजापासून दीड मूठ. सर्वांत वर ईशान्येला साडेपाच मुठी. पूर्वेला तीन मुठींवर मंद होत नाहीसा. पांढरा, स्थिर, शुक्राइतका ठळक. आवाज नाही. निरभ्र, चंद्र नाही. पाहणारे तिघे.’

यात दिवा काय होता याबद्दल एक अक्षरही नाही, तरी जाणकार त्यावर तर्क करू शकतो. चार मिनिटांचा स्थिर पांढरा प्रवास आणि मध्येच मंद होणं म्हणजे पृथ्वीच्या सावलीत शिरलेला उपग्रह, बहुधा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करतं आणि नेहमी पश्चिमेच्या अंगाने येऊन पूर्वेकडे जातं. हेव्हन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपलं गाव निवडून जुनी तारीख टाकली की त्या रात्री ते कधी आणि कुठून गेलं ते मिळतं. तुमच्या पत्रात मिनिट नाही, म्हणून तुमच्यासाठी आम्हाला ते पडताळता आलं नाही.

आता कळवायचं कुणाला? भारतात ‘अनोळखी उजेड’ नोंदवणारं वेगळं सरकारी खातं नाही, त्यामुळे प्रकारानुसार दार बदलतं. काही सेकंदांत जळत गेलेला गोळा असेल तर इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशनच्या संकेतस्थळावर अग्निगोलाचा अर्ज आहे, तो कोणत्याही देशातून भरता येतो. वस्तू जमिनीवर पडली असेल तर पोलीस आणि तहसीलदार. ड्रोनची शंका असेल तर ११२. डोंगरावरचा उजेड असेल तर वनविभाग. बाकीच्यांसाठी जवळच्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग किंवा खगोल मंडळ बरं.

तुम्ही नेहमी ‘इतके अंश उंच’ लिहा म्हणता. शेतात उभं राहून अंश कसे मोजायचे? (यावल)

हात पूर्ण ताणून धरा. करंगळीची जाडी साधारण १ अंश, मधली तीन बोटं मिळून ५ अंश, बंद मूठ १० अंश आणि अंगठा ते करंगळी ताणलेली वीत २० अंशांच्या थोडी वर. मुलाचा हात लहान असला तरी त्याची मूठ डोळ्यापासून जवळ असते, म्हणून त्याच्यासाठीही मोजमाप जवळपास तेच येतं.

आपली मूठ तपासून घ्यायची असेल तर खान्देशात एक सोय आहे. ध्रुवतारा जितक्या अंशांवर दिसतो तितका त्या जागेचा अक्षांश असतो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे सगळे २१ अंशांच्या आसपास आहेत. म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठींहून जरा वर दिसला पाहिजे. दीड किंवा अडीच मुठी येत असतील तर तुमचा हात वाकलेला आहे, नाहीतर क्षितिज म्हणून तुम्ही केळीच्या बागेचा शेंडा धरला आहे. यावल-रावेरच्या बाजूला उत्तरेला सातपुडा आडवा येतो, तिथे डोंगराच्या माथ्यापासून नव्हे, डोळ्याच्या समपातळीपासून मोजायचं.

दिशेसाठी मोबाइलचं होकायंत्र चालेल. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. पण मोटारसायकलला टेकून किंवा पंपाच्या स्टार्टरजवळ उभं राहून पाहिलं तर काटा सहज २०-३० अंश फिरतो. दहा पावलं बाजूला जा, मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, मग वाचा.

दिव्यांची सरळ माळ गेली. तीस-चाळीस तरी असतील. सगळी गल्ली ‘हाई काय शे भो’ करत धाब्यावर चढली. (चाळीसगाव)

स्टारलिंक. मे २०१९ पासून हे इंटरनेटचे उपग्रह एका रॉकेटमधून डझनांनी सोडले जातात. सुटल्यानंतरचे काही दिवस ते खालच्या कक्षेत, एकामागे एक असतात. पुढे पांगत सुमारे ५५० किलोमीटरवर गेले की माळ मोडते आणि ते मंद दिसतात. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी दीड-दोन तासांत असं दिसलं तर वेगळं कळवायची गरज नाही. मध्यरात्री दिसलं असेल तर मात्र जरूर लिहा. आपल्या अक्षांशावर तेव्हा खालच्या कक्षेतले उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतात आणि जवळजवळ दिसतच नाहीत.

सातपुड्याच्या अंगाला रात्री लाल-पिवळ्या दिव्यांची वाकडी रांग हळूहळू सरकते. जुनी माणसं वेताळाची पालखी म्हणतात. (रावेर)

तुमच्या पत्रावरची तारीख मार्चअखेरची आहे आणि तेच उत्तर आहे: वणवा. वाळलेलं गवत आणि पालापाचोळा जळत जाताना आगीची धार उताराच्या वळणाने पसरते, लांबून ती तुटक दिव्यांची रांग दिसते. डोंगर अंधारात मिसळला की रांग आकाशात तरंगल्यासारखी वाटते. दिवसा त्याच जागेकडे पाहा, काळा पट्टा आणि धूर दिसेल. पण सकाळची वाट पाहू नका. वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर लगेच कळवा आणि तुमची जागा, दिशा आणि रांग कोणत्या खिंडीच्या किंवा टेकडीच्या कोणत्या बाजूला आहे, एवढं सांगा. शेजारच्या गावातून दुसऱ्या कुणी वेगळी दिशा दिली तर दोन रेघा नकाशावर जिथे छेदतात तिथे आग, आणि वनरक्षकांचा अर्धा शोध वाचतो.

पश्चिमेला एक तेजस्वी दिवा रोज येतो, तासभर थांबतो, लाल-हिरवा होतो आणि खाली उतरतो. दक्षिणेलाही कधी कधी तसाच दिसतो. (साक्री)

रोज येतो म्हणजे तो ग्रह किंवा तारा असण्याची शक्यता फार मोठी. पश्चिमेचा बहुतेक शुक्र. तो सूर्यापासून आकाशात ४७ अंशांपलीकडे कधी जात नाही, म्हणून संध्याकाळनंतर साधारण साडेतीन तासांत मावळतो आणि मध्यरात्री कधीच दिसत नाही. दक्षिणेचा अगस्त्य असू शकतो. खान्देशातून तो जास्तीत जास्त १६ अंश वर येतो, इतक्या खाली हवेचा थर जाड असतो आणि ताऱ्याचा प्रकाश रंग बदलत थरथरतो. हिवाळ्यात आग्नेयेला उगवणारा व्याध तर याहून जास्त रंग उधळतो.

‘उतरतो’ हेही पृथ्वीच्या फिरण्यामुळे. आकाश तासाला १५ अंश, म्हणजे दीड मूठ सरकतं. ‘डावीकडे-उजवीकडे हलतो’ असंही तुम्ही लिहिलं आहे. अंधारात एकाच दिव्याकडे टक लावली की तो हलल्याचा भास सगळ्यांनाच होतो. विजेच्या खांबाला डोकं टेकून दिवा एखाद्या तारेच्या कडेला लावून पाहा, दोन मिनिटांत खरं-खोटं कळेल. यात लाजण्यासारखं काही नाही. २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर जवानांनी महिनोन्‌महिने नोंदवलेले ‘टेहळणीचे दिवे’ बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतल्या खगोलज्ञांनी गुरू आणि शुक्र असल्याचं दाखवून दिलं होतं.

साक्रीकरांसाठी आणखी एक. ब्राह्मणवेल भागातल्या पवनचक्क्यांवर विमानांसाठी लाल दिवे असतात. धुक्यात मनोरा दिसत नाही, दिवे तेवढे दिसतात.

रात्री वस्तीवर दिवा घिरट्या घालतो. चोर ड्रोनने टेहळणी करतात असं ग्रुपवर फिरतंय. पोरं गोफणी घेऊन बसली आहेत. (भुसावळ)

गोफणी आधी घरी पाठवा. वरून काही पाडलं तर ते कुणाच्या तरी डोक्यात पडेल, आणि अफवेच्या भरात अनोळखी वाटसरूला मारहाण झाली तर तो थेट गुन्हा आहे.

ड्रोन ओळखायचा तर तीन गोष्टी पाहा. साधा कॅमेऱ्याचा ड्रोन एका बॅटरीवर वीस ते चाळीस मिनिटं उडतो, दोन तास एकाच जागी असलेला दिवा तो नव्हे. शंभरेक मीटरच्या आत असेल तर शांत रात्री माशीसारखी गुणगुण ऐकू येते. आणि तो जागेवर थांबून अचानक दिशा बदलू शकतो, विमानाला ते जमत नाही. उलट तुमच्याकडेच तोंड करून येणारं विमान आपल्या पुढच्या दिव्यामुळे कित्येक मिनिटं एका जागी थांबल्यासारखं दिसतं. बाजूला वळलं की डाव्या पंखाचा लाल, उजव्याचा हिरवा आणि पांढरी उघडझाप दिसते. लग्नसराईत डीजेच्या गाडीवरचे शार्पी दिवे ढगांवर गोल फिरणारे ठिपके पाडतात, तेही ‘ड्रोन’ म्हणून खूप कळवले जातात. आकाशकंदील सोडला असेल तर तो नारिंगी असतो, वाऱ्याच्या दिशेने जातो आणि पाच-दहा मिनिटांत विझतो.

ड्रोनच वाटला तर ११२ वर फोन. तुमच्याकडे ते जास्तच गरजेचं आहे, कारण भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी आणि दीपनगरचं वीज केंद्र जवळ आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची लागते. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर कोणालाही क्षेत्र पाहता येतं. फोनवर ‘ड्रोन फिरतोय’ एवढंच न सांगता कोणत्या बाजूने आला, कोणत्या बाजूला उतरला, किती वाजता, हे सांगा. उडवणारा माणूस उतरण्याच्या जागेजवळच सापडतो.

मोठा हिरवट गोळा जळत गेला, थोड्या वेळाने गडगडाट झाला. दुसऱ्या दिवशी शेतात काळा दगड मिळाला. (जामनेर)

हे पत्र सगळ्यांत महत्त्वाचं. शुक्राहून ठळक उल्केला अग्निगोल म्हणतात आणि आवाज ऐकू आला असेल तर काही तुकडे जमिनीपर्यंत आले असण्याची शक्यता वाढते. प्रकाश दिसला त्या क्षणापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा. ध्वनीला एक किलोमीटरला सुमारे तीन सेकंद लागतात, दीड मिनिटाचं अंतर म्हणजे तीसेक किलोमीटर.

किती वेळ दिसला यावरून उल्का की रॉकेटचा सांगाडा, ते कळतं. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने येते आणि काही सेकंदांत संपते. कक्षेतून पडणारा सांगाडा सेकंदाला जेमतेम ८ किलोमीटरने, क्षितिजाला जवळजवळ समांतर, मिनिटभर किंवा जास्त, तुकडे होत जातो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात हजारोंनी पाहिलेली ती रांग दुसऱ्या प्रकारची होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा तो वरचा टप्पा होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला त्याचं सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. असा तुकडा किंवा गोल टाकी सापडली तर हात लावू नका, आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. लोकांना दूर ठेवा, पोलिसांना बोलवा. भंगारवाल्याला विकायचा विचार तर नकोच: १९६७ च्या अवकाश करारानुसार तो पडला तरी त्याची मालकी तो अवकाशात पाठवणाऱ्या देशाचीच राहते.

आता दगड. उल्कापाषाणावर काळी, नखाएवढी पातळ साल असते, आतून रंग फिका असतो, आणि साधारणपणे त्यात पोकळ बुडबुडे नसतात. खान्देशात गोम इथे आहे. आपली जमीनच काळ्या बेसाल्टची. जाळीदार काळा दगड, त्यातल्या पांढऱ्या गारा, भट्टीची मळी, हे सगळं लोक उल्का म्हणून आणतात. चुंबक लावून पाहायचा सल्लाही इथे फसवतो, कारण बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असतं. वर, चुंबक लावल्याने खऱ्या उल्कापाषाणातल्या मूळ चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. म्हणून चुंबक नको, धुणं नको, फोडणं नको, पूजेचं तेल-कुंकू तर अजिबात नको. उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून फोटो, अक्षांश-रेखांश, खड्डा असल्यास त्याची खोली. मग स्वच्छ ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला कळवा.

आपल्या भागात असं घडत नाही असं समजू नका. २९ जून १८४३ ला खान्देशातल्या मानेगावला पडलेला दगड डायोजेनाइट या दुर्मिळ जातीचा निघाला. ही जात वेस्टा या लघुग्रहाशी जोडली जाते. शेजारच्या विदर्भात २२ मे २०१२ ला काटोलला भर दुपारी दगड पडले. तुमच्या पत्रासोबतच्या फोटोत मात्र दगडाला स्पष्ट छिद्रं दिसतात, त्यामुळे आमचा कल बेसाल्टकडे आहे. अग्निगोलाची नोंद तरीही पाठवाच, ती दगडावर अवलंबून नाही.

मोबाइलच्या व्हिडिओत गोल चकती स्पष्ट दिसते, धडधडतेही. हा पुरावा नाही का? (अमळनेर)

झूम केल्यावर ठिपक्याची चकती झाली असेल तर ती फोकस चुकल्याची खूण. अंधारात कॅमेरा फोकस शोधत पुढे-मागे करतो, त्याचीच धडधड. एकही झूम न करता, खांब किंवा घराची कड चौकटीत ठेवून, मोबाइल विटेला टेकवून काढलेला ‘कंटाळवाणा’ व्हिडिओ लाख मोलाचा, कारण त्यावरून दिशा आणि उंची मोजता येते. फोटो काढायचा असेल आणि प्रो मोड असेल तर फोकस अनंतावर ठेवा, आयएसओ १६०० आणि शटर चार सेकंद, तीन सेकंदांचा टायमर. चित्रात रस्त्याचा दिवा असेल तर चौकटीच्या मध्याच्या बरोबर पलीकडे त्याचा भुताटकीसारखा ठिपका उमटतो, तो भिंगातला परावर्त आहे. कॅमेरा हलवला की दिव्याच्या उलट दिशेने पळेल.

फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. दर्जा घटतो आणि वेळ-जागेची माहिती गळते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा आणि मूळ फाइल मोबाइलमधून पुसू नका.

एकट्याने पाहिलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या गावातला साक्षीदार असला तर काय फरक पडतो? (धुळे)

विश्वासाचं सोडा, दुसऱ्या गावामुळे उंची मिळते. धुळे आणि जळगाव जवळजवळ पूर्व-पश्चिम रेषेवर, सरळ अंतर सुमारे ८० किलोमीटर. एकाच क्षणी धुळ्याहून दिवा पूर्वेला ४५ अंशांवर आणि जळगावहून पश्चिमेला ४५ अंशांवर दिसला, तर तो मधोमध, सुमारे ४० किलोमीटर उंच होता. दोन्हीकडून पश्चिमेला सारख्याच उंचीवर दिसला तर ग्रह-तारा. जळगावात कुणालाच दिसला नाही आणि आकाश निरभ्र होतं, तर वस्तू कमी उंचीवर, स्थानिक. मात्र दोघांनी आपापलं टिपण एकमेकांशी बोलण्याआधी लिहायला हवं. बोलून लिहिलेली दोन टिपणं एकाच टिपणाच्या दोन प्रती होतात.

सगळं तपासूनही ओळख पटली नाही तर? (शिरपूर)

तर ‘ओळख पटली नाही’ असं लिहून ठेवायचं, त्यापुढे काही जोडायचं नाही. फ्रान्सच्या अवकाश संस्थेचा जेपान हा विभाग नोंदींचे चार गट करतो: नक्की ओळखलेल्या, बहुधा ओळखलेल्या, माहिती अपुरी असलेल्या आणि माहिती पुरेशी असूनही न उलगडलेल्या. शेवटच्या दोन गटांतला फरक नीट पाहा. मिनिट आणि दिशा नसलेली नोंद तिसऱ्या गटात जाते, ती गूढ ठरत नाही. अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुक या अनोळखी उडत्या वस्तूंच्या तपासात १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या, त्यांतल्या ७०१ न उलगडलेल्या राहिल्या. नासाच्या स्वतंत्र समितीनेही २०२३ च्या अहवालात परग्रहवासीयांचा पुरावा नसल्याचं आणि हाती आलेली माहितीच निकृष्ट असल्याचं सांगितलं.

तुमच्या पत्रात वेळ, दिशा, उंची, तीन साक्षीदार सगळं आहे. फक्त एक राहिलं: टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून मोठे संशोधन फुगे सोडते. ३०-४० किलोमीटर उंचीवरच्या फुग्यावर पहाटे आपल्याआधी ऊन पडतं आणि तो स्थिर चमकतो. तुमची वेळ पहाटे सव्वापाचची आहे. फुगे सोडायच्या आधी जिल्हा प्रशासनांना सूचना जाते, तेव्हा त्या आठवड्यात तशी सूचना आली होती का, ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा आणि आम्हालाही कळवा. पॅराशूटला बांधलेली पेटी कुठे सापडली तर उघडू नका, तिच्यावर पत्ता आणि फोन क्रमांक छापलेला असतो.